राइडचा दिवस वेगळा, चित्रीकरणाचा दिवस वेगळा

प्रश्न : मी मुलुंडला राहते आणि माटुंग्याच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अकरावीपासून रोड सायकल चालवते. रविवारी पहाटे आमच्या गटाबरोबर पाम बीच रस्ता, येऊर, घोडबंदर, क्वचित खोपोलीमार्गे लोणावळा अशा राइड होतात. हँडलला लावलेल्या कॅमेऱ्याने मी त्यांचे चित्रीकरण करते आणि रात्री जागून त्याचे संकलन करते. मला दोन्ही गोष्टी मनापासून आवडतात; पण माझे सगळे व्हिडिओ एकसारखे दिसतात आणि जवळच्या मैत्रिणीही ते शेवटपर्यंत पाहत नाहीत. गेल्या महिन्यात ऐरोली पुलावर कॅमेरा चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी मी एक हात सोडला, माझा वेग कमी झाला आणि मागचा मुलगा माझ्या चाकाला घासून पडता पडता वाचला. आता गटाने कॅमेरा आणू नकोस असे सांगितले आहे. शिकवण्या घेऊन मी 70 हजार रुपये जमवले आहेत. सध्याच्या सायकलीवर घाटात फार दमछाक होते, म्हणून त्यातून नवी सायकल घ्यावी, की चांगला कॅमेरा आणि ड्रोन घ्यावा? पदवीनंतर वर्षभर थांबून मुंबई ते कन्याकुमारी सायकल प्रवास करावा आणि त्यावर माहितीपट करावा असे मनात आहे. आई-बाबा म्हणतात, दोन्हीपैकी एक काहीतरी धर आणि सी. ए.च्या परीक्षेकडे लक्ष दे. या छंदांना काही भविष्य आहे का? आणि कॅमेरा हेल्मेटवर लावला तर चालेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुझ्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर तू ओघात सांगून टाकला आहेस, तो म्हणजे ऐरोली पुलावरचा प्रसंग. पैशांचा, कॅमेऱ्याचा आणि कन्याकुमारीचा विचार त्यानंतर करू. गटातली राइड कशावर चालते हे तुला ठाऊक आहेच, तरी संकलनाच्या खोलीत बरीच वर्षे काढलेल्या माणसाच्या नजरेतून ते पुन्हा एकदा पाहा. पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाला राहिले की वाऱ्याचा विरोध कमी होतो आणि मागच्याची सुमारे एक तृतीयांश शक्ती वाचते, पण त्यासाठी दोन चाकांमधले अंतर हात-दीड हाताएवढेच ठेवावे लागते. ताशी 30 किलोमीटर वेगाला एका सेकंदात आठ मीटरहून अधिक रस्ता मागे पडतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे तू एक नजर टाकतेस तेवढ्यात मागच्या माणसाला ब्रेक लावण्याइतकाही अवधी उरत नाही. त्याला पुढचा रस्ता दिसत नसतो. खड्डा, वाळू, उघडे गटाराचे झाकण, अचानक थांबलेली रिक्षा यांची खबर त्याला तुझ्या हाताच्या खुणेवरून मिळते, आणि तोच हात तू कॅमेऱ्याला दिला होतास. गटाने घेतलेला निर्णय योग्य आहे. त्यात तुझा अपमान नाही, आणि त्यांचे मन वळवण्याच्या खटपटीत तू पडू नयेस असे मला वाटते.

माझा सल्ला असा की राइडचा दिवस आणि चित्रीकरणाचा दिवस पूर्णपणे वेगळे कर. राइडच्या दिवशी कॅमेरा घरी राहील, आणि चित्रीकरणाच्या दिवशी सायकल घरी राहील. यातला दुसरा अर्धा भाग तुला विचित्र वाटेल, कारण सायकलवर बसून सायकलचे चित्रण करणे हीच तुझी आजवरची कल्पना आहे. परंतु बोरघाटाचा चढ चित्रित करायचा असेल, तर सकाळच्या खोपोली लोकलने जावे, रिक्षाने पायथा गाठावा, शिंगरोबाच्या देवळाकडे चढणाऱ्या जुन्या रस्त्यावर पायी फिरून, रहदारीपासून बाजूला, दोन-तीन जागा हेराव्यात आणि तिथे ट्रायपॉड लावून गटाची वाट पाहावी, हे एकट्या माणसाला सहज जमणारे काम आहे. गटाला आदल्या दिवशी सांगून ठेवले, तर ते हरकत घेणार नाहीत. उलट ज्यांनी तुला कॅमेरा आणू नकोस असे सांगितले, तेच घाटात तुझ्यासमोर आल्यावर पाठ ताठ करतील. स्कूटरवर मागे उलटे बसून किंवा गाडीच्या खिडकीबाहेर वाकून चित्रण करण्याचा मोह मात्र टाळ. मोठ्या शर्यतींमध्ये मोटरसायकलवरून चित्रण होते ते रस्ता बंद असतो म्हणून आणि चालकाला त्याचा सराव असतो म्हणून.

तुझे व्हिडिओ एकसारखे का दिसतात, याचेही उत्तर याच विभागणीत आहे. हँडलवरच्या कॅमेऱ्याला दोनच गोष्टी दिसतात, पुढचा रस्ता आणि पुढच्याची पाठ. त्याची काच अतिशय रुंद कोनाची असते, त्यामुळे ज्या चढावर तुझे पाय थरथरले तो चढ पडद्यावर जवळजवळ सपाट दिसतो. पाहणाऱ्याला दमछाक दिसत नाही, कारण दमणाऱ्याचा चेहराच चित्रात नसतो. चढ दाखवायचा तर कॅमेरा पायथ्याशी ठेवून लांबच्या लेन्सने, म्हणजे फोनमध्ये असेल तर त्याच्या टेलिफोटो लेन्सने, वर गेलेल्या रस्त्याची वळणे एकमेकांवर दाबल्यासारखी दिसतील असा शॉट घ्यावा; किंवा बाजूने शॉट घेताना चौकटीत विजेचा खांब किंवा घराची भिंत असू द्यावी, म्हणजे उभी रेघ आणि रस्त्याची रेघ यांतला कोन डोळ्यांना दिसतो. वेग दाखवायचा तर कॅमेरा रस्त्याच्या जवळ, जमिनीलगत स्थिर ठेवून सायकल समोरून सर्रकन निघून जाऊ द्यावी. आणि हँडलवरचा शॉट वापरायचाच असेल, तर तो चार-पाच सेकंदांचा मसाला म्हणून वापरावा. त्याचे जेवण करू नये.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगते, कारण नवख्यांच्या चित्रणात हा दोष हमखास दिसतो. भर उन्हात कॅमेरा आपोआप शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नेतो. त्यामुळे चाकाचे आरे गोठल्यासारखे किंवा उलटे फिरल्यासारखे दिसतात आणि हालचाल झटक्या-झटक्यांची वाटते. सेकंदाला 25 चौकटी घेत असशील, तर शटर 1/50 ठेव. 50 चौकटी घेत असशील, तर 1/100. उन्हात एवढे हळू शटर ठेवले की चित्र पांढरेफटक होते, म्हणून काचेवर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लागतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने पहाटेच्या दिव्यांखालची लुकलुकही याच शटरवर बहुतेक वेळा नाहीशी होते. हा फिल्टर नव्या कॅमेऱ्याच्या मानाने अगदी स्वस्त आहे.

खरे तर तुझ्या व्हिडिओंची मोठी उणीव मला चित्रापेक्षा आवाजात दिसते, जरी तू त्याबद्दल पत्रात एक अक्षर लिहिलेले नाहीस. तू बहुधा वाऱ्याचा घोंगाट नकोसा वाटतो म्हणून मूळ आवाज काढून टाकतेस आणि त्यावर एखादे धडधडते संगीत चढवतेस. बहुतेक सगळे तसेच करतात आणि म्हणूनच सगळ्यांचे व्हिडिओ सारखे होतात. रोड सायकलला स्वतःचे आवाज असतात. पायडल थांबवल्यावर मागच्या चाकातून येणारी फ्रीव्हीलची टिकटिक, गिअर बदलताना साखळी एका चकतीवरून दुसरीवर चढते तेव्हाचा ठोका, ओल्या रस्त्यावर टायरचा चर्र आवाज, आणि सर्वांत मोलाचा म्हणजे चढावरचा श्वास. हे आवाज रस्त्यावर चालत्या सायकलवरून स्वच्छ मिळत नाहीत, कारण वारा सगळे गिळतो. ते वेगळे ध्वनिमुद्रित करावे लागतात. सकाळी लवकर इमारतीच्या आवारात किंवा तळमजल्याच्या पार्किंगमध्ये सायकल उलटी ठेवून चाक फिरव, माइक चाकाच्या मधल्या हबजवळ धर, गिअर बदल, ब्रेक दाब. तासाभरात वर्षभर पुरेल एवढा साठा होईल. श्वासासाठी छोटा कॉलर माइक केसाळ आवरण घालून जर्सीच्या आत, छातीशी चिकटपट्टीने लाव आणि रेकॉर्डर किंवा फोन मागच्या खिशात ठेव. छातीवरचे कापड आणि ते केसाळ आवरण मिळून बराच वारा अडवतात. रेकॉर्डिंग निघण्यापूर्वी सुरू करायचे आणि पोहोचल्यावरच बंद करायचे, मध्ये हात लावायचा नाही. हे सगळे आवाज संकलनात चित्राखाली बसवले की संगीताची गरज किती कमी होते, हे तुझे तुलाच कळेल. जिथे संगीत हवेच असेल, तिथे चित्रपटातले गाणे उचलू नकोस. हक्कांच्या दाव्यामुळे व्हिडिओ अडकतो आणि पुढे तोच व्हिडिओ कामाचा नमुना म्हणून कोणाला दाखवताना अडचण होते.

मुलाखतीबद्दलही असेच. घाट चढून आलेल्या माणसाला पाणी पिऊन, केस नीट करून, चहाच्या टपरीवर बसवून तू विचारशील की कसे वाटले, तर तो म्हणेल की छान वाटले. तोच प्रश्न धाप लागलेली असताना, सायकलीवरून पाय खाली टेकताक्षणी विचारला, तर तो असे काहीतरी बोलेल जे त्याने स्वतःही ठरवलेले नसेल. त्यासाठी तू घाटमाथ्यावर त्याच्या आधी पोहोचलेली हवीस, आणि ते फक्त चित्रीकरणाच्या वेगळ्या दिवशीच शक्य आहे.

कोणाचे चित्रण करायचे, हा यापुढचा प्रश्न. आतापर्यंत तुझ्या व्हिडिओंचा विषय तू स्वतः होतीस, आणि वीस वर्षांच्या वयात ते स्वाभाविक आहे. पण सायकलवर बसलेल्या माणसाला स्वतःची गोष्ट सांगता येत नाही, ती रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणीतरी सांगावी लागते. या खेळाचा इतिहासच तसा आहे. पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत 1891 मध्ये एका फ्रेंच वृत्तपत्राने भरवली. टूर द फ्रान्स 1903 मध्ये लोतो नावाच्या क्रीडा दैनिकाने आपला खप वाढवण्यासाठी सुरू केली, आणि 1919 मध्ये आघाडीवीराला पिवळी जर्सी मिळू लागली त्याचे कारण ते दैनिक पिवळ्या कागदावर छापले जाई, असे सांगतात. रस्त्याच्या कडेला तासन्तास थांबलेल्या प्रेक्षकाला सायकलस्वार काही क्षणच दिसतात. आधी काय झाले आणि पुढे काय झाले, हे त्याला दुसऱ्या दिवशीच्या अंकातच कळत असे. मैदानावरच्या खेळाला निवेदकावाचून चालते, रस्त्यावरच्या सायकलिंगला चालत नाही. ज्याला साखळीच्या आवाजातला फरक कानाने कळतो आणि कॅमेराही चालवता येतो, असा माणूस म्हणूनच उपयोगाचा असतो, आणि तुझ्याकडे या दोन्ही गोष्टी अर्ध्या-अर्ध्या तरी आहेत.

मुंबईच्या आसपास विषयांना तोटा नाही. डबेवाल्यांवर मात्र माहितीपट करू नकोस. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण शहरात उतरणारा प्रत्येक कॅमेरा आधी त्यांच्याकडेच वळतो. त्यापेक्षा बीआरएमकडे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडकडे पाहा. या ब्रेव्हे राइडमध्ये 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास, 300 साठी 20, 400 साठी 27 आणि 600 साठी 40 तास अशी मुदत असते, आणि एकाच हंगामात ही चारही अंतरे पूर्ण करणाऱ्याला सुपर रँडोनियर म्हणतात. क्रमांक नसतात, बक्षीस नसते. बँकेत नोकरी करणारा, दवाखाना चालवणारा, निवृत्त झालेला असा कोणीही माणूस शनिवारी निघून रविवारी रात्री डोळे तांबारून घरी येतो आणि सोमवारी कामावर जातो. नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी रेस अॅक्रॉस अमेरिका दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हा ही गोष्ट आपल्याकडच्या अनेकांना पहिल्यांदा खरी वाटली. वर सांगितलेली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस आता शर्यत न राहता अशीच ब्रेव्हे झाली आहे आणि ती चार वर्षांनी एकदा होते. 2023 नंतरची 2027 मध्ये आहे आणि तिथे जायला आदल्या काळात ब्रेव्हे पूर्ण केलेल्या असाव्या लागतात, त्यामुळे या हंगामात 600 किलोमीटरच्या तयारीला लागलेला एखादा मुलुंड-ठाण्याचा सायकलस्वार तुला सहज भेटेल. त्या एका माणसाची 600 ची राइड, तिच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा सोमवार, एवढ्यावर बारा-पंधरा मिनिटांचा माहितीपट होतो.

त्यात एक पथ्य पाळावे लागेल. ब्रेव्हेचा सायकलस्वार स्वावलंबी असतो. नियंत्रण-थांब्यांखेरीज त्याला गाडीतून मदत घेता येत नाही, आणि मागे-मागे येणारी चित्रीकरणाची गाडी मदतीची गाडी समजली जाऊ शकते. आयोजकांना आधी लिहून कळव, थांब्यांवर आणि मधल्या ठरावीक जागांवरच उभी राहा, त्याला पाण्याची बाटलीसुद्धा पुढे करू नकोस. रात्रीच्या थांब्यावर, पहाटे तीनच्या सुमाराला एखाद्या ढाब्याच्या बाजेवर बसून कोणी मोजे बदलत असतो, ते तुला कोणत्याही घाटापेक्षा अधिक देईल. एवढ्या रात्री तू एकटी जाऊ नयेस, हे सांगायला नको. ओळखीच्या कोणाची तरी गाडी आणि सोबत असल्याशिवाय रात्रीचे थांबे सोडून दे आणि दिवसाचेच घे.

आता पैसे. नवी सायकल आणि ड्रोन, दोन्ही नको. ड्रोनचे आधी सांगते. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही, पण त्यामुळे तो कुठेही उडवता येतो असा अनेकांचा गैरसमज होतो. ड्रोनला कुठे किती मोकळीक आहे त्यानुसार हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे आणि लाल भाग पाडलेले आहेत. मुंबईत विमानतळ, नौदल आणि अणुसंशोधन केंद्र ही तिन्ही असल्याने शहराचा मोठा भाग वर्ज्य आहे, आणि पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात. शिवाय परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. 30 हजार खर्चून कपाटात ठेवायची वस्तू कशाला घ्यायची? आणि रस्त्याच्या वरून घेतलेला तो तरंगता शॉट आता लग्नाच्या व्हिडिओतही असतो.

सायकलीबाबत, तुझ्या दमछाकीचे कारण फ्रेम किंवा ग्रुपसेटचा, म्हणजे गिअर-ब्रेकच्या संचाचा, दर्जा असेलच असे नाही. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, 11-28 दातांची असेल, तर ती 11-32 किंवा 11-34 ची करून पाहा. साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा डिरेलर एवढा मोठा दातरा पेलतो का, हे मेकॅनिककडून आधी तपासून घे, काही वेळा लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणि नवी साखळीही लागते. हा सगळा खर्च नव्या सायकलीच्या काही अंशात होतो आणि चढावर पाय फिरते राहतात. टायर 25 मिलिमीटरचे असतील आणि फ्रेममध्ये जागा असेल, तर 28 चे घे, थोडी कमी हवा ठेव. आपल्या रस्त्यांवर मनगटांना त्याचा आराम पडतो. पावसाळ्यानंतर ब्रेक पॅड आणि साखळी तपासून घ्यायला विसरू नकोस, कारण जून ते सप्टेंबरच्या चिखलात ती दोन्ही झपाट्याने झिजतात. मागचा लाल दिवा आणि पुढचा दिवा यांत मात्र काटकसर करू नकोस.

चित्रीकरणासाठी तुझा सध्याचा कॅमेरा आणि फोन पुरेसे आहेत. कॉलर माइक, केसाळ आवरण, एनडी फिल्टर, मजबूत ट्रायपॉड आणि दोन हार्ड डिस्क घे. दोन अशासाठी की सेकंदाला 100 मेगाबिट दराने घेतलेले फोर-के चित्रण तासाला 45 जीबी जागा खाते, आणि एकाच डिस्कवर ठेवलेले चित्रण म्हणजे हरवायला ठेवलेले चित्रण. संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापर. लॅपटॉप अडखळत असेल, तर आधी हलक्या प्रॉक्सी फाइल्स बनवून त्यांवर काम कर. एवढे करूनही तुझ्या 70 हजारांतले निम्म्याहून अधिक शिल्लक राहतील, आणि ते शिल्लकच राहू देत.

कन्याकुमारीसाठी वर्ष थांबण्याच्या मी विरोधात आहे. प्रवास वाईट नाही. पण तू आजवर दहा मिनिटांचा एकही पूर्ण माहितीपट केलेला नाहीस, आणि पहिलाच प्रयत्न दीड-दोन हजार किलोमीटरच्या, रोज थकून झोपणाऱ्या प्रवासाचा केलास, तर हाती हँडलवरून घेतलेले शेकडो तासांचे चित्रण येईल आणि त्यातून वाट काढणे कसलेल्या संकलकालाही जड जाईल. त्याऐवजी दिवाळीच्या सुटीत कोकणचा किनारा घे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, मग मुरूडवरून आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा एकामागून एक खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. एका मैत्रिणीबरोबर, सावकाश जा. सायकल चालवताना कॅमेरा बंद असेल आणि प्रत्येक जेट्टीवर, बोटीची वाट पाहताना, तो चालू असेल. थांबणे सक्तीचे असल्याने चित्रणाला आपोआप एक लय येते, आणि जेट्टीवर मासळीची टोपली, शाळकरी मुले, मोटरसायकली आणि तुमच्या दोन सायकली एकाच फळीवर उभ्या असतात. आगरदांड्याची बोट चुकली, तर तेही चित्रित कर. जयगडला पोहोचून परत आल्यावर महिनाभरात याचा पंधरा मिनिटांचा माहितीपट पूर्ण झाला, तर कन्याकुमारीचा विचार पुन्हा कर.

भविष्याबद्दल आता स्पष्ट बोलते. शर्यतीत उतरून सायकलिंगवर पोट भरण्याची वाट आपल्या देशात फार अरुंद आहे, आणि त्यासाठी तुझ्या वयाची मुले कितीतरी आधीपासून प्रशिक्षण घेत असतात; तू त्या वाटेबद्दल विचारलेलेही नाहीस, त्यामुळे ती बाजूला ठेवू. फक्त सायकलिंगच्या व्हिडिओंवर घर चालवणारे लोकही थोडेच आहेत. परंतु व्हिडिओ निर्मिती हा मुंबईत खरा व्यवसाय आहे. क्रीडा स्पर्धांचे चित्रण, संस्थांचे माहितीपट, संकलन, ध्वनिआरेखन, निर्मिती व्यवस्थापन या सगळ्यांत माणसे लागतात, आणि पहिली काही वर्षे कमी पैशांत, अनियमित वेळांना, उशिरा मिळणाऱ्या बिलांवर काढावी लागतात. इथे तुझी वाणिज्य शाखा कामी येते, हे आई-बाबांना अजून कोणी सांगितलेले दिसत नाही. अंदाजपत्रक मांडणे, करार वाचणे, बिल आणि करकपात समजणे यात कॅमेरा सुरेख चालवणारे अनेक जण कच्चे असतात, आणि नुकसान सोसतात.

पदवी मात्र पूर्ण कर. पुण्याची चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था, जी 1960 मध्ये स्थापन झाली, तिच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांनाही पदवी लागते. तोपर्यंत मुंबईतच शिकण्यासारखे बरेच आहे. पेडर रोडवर पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात 2019 पासून भारतीय चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि माहितीपट व लघुपटांचा मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सव 1990 पासून दर दोन वर्षांनी भरतो. त्या महोत्सवात दिवसभर बसून दहा-पंधरा मिनिटांचे माहितीपट कसे सुरू होतात आणि कुठे थांबतात, एवढेच पाहा, वहीत लिही.

सी. ए.चा प्रश्न छंदांशी जोडून सोडवू नकोस. आर्टिकलशिपची, म्हणजे सी. ए. होण्यासाठी करायच्या उमेदवारीची, आता दोन वर्षे असतात आणि त्या काळात शनिवार-रविवारही अनेकदा स्वतःचे राहत नाहीत. तुला तो व्यवसाय हवा असेल, तर ही किंमत मान्य करून जा. नको असेल, तर आई-बाबांना ते स्वच्छ शब्दांत सांग, सायकलीच्या आड लपून सांगू नकोस. "एक काहीतरी धर" असे ते म्हणतात, त्यामागे मला पैशांपेक्षा पहाटेच्या रस्त्याची धास्ती अधिक दिसते, आणि ती निराधार नाही. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, किनारी मार्ग, अटल सेतू हे सगळे मार्ग सायकलींना बंद असल्याने तुम्हाला उरतात ते ट्रक-डंपरांचे महामार्ग. ऐरोली पुलावर काय झाले ते घरी सांगितले आहेस का? नसशील, तर आधी ते सांग, आणि त्याच बैठकीत सांग की आता गटात कॅमेरा राहणार नाही, निघाल्यापासून फोनवरून तुझे ठिकाण घरी दिसत राहील, दोन्ही दिवे चालू असतील आणि पावसात महामार्गावर जाणार नाहीस. खोपोलीच्या एखाद्या चित्रीकरणाला बाबांना बरोबर ने. ट्रायपॉड उचलायला माणूस लागतोच.

राहिला हेल्मेटचा प्रश्न. लावू नकोस. हेल्मेटची चाचणी त्यावर कॅमेरा नसताना झालेली असते. पडल्यावर तो कडक ठोकळा कवचावर एकाच जागी दाब आणू शकतो, रस्त्यात अडकून मान पिळू शकतो, आणि तू दर दोन सेकंदांनी मान वळवत असल्यामुळे त्याचे चित्रणही पाहवत नाही. एकटी असताना रस्त्याचा शॉट हवाच असेल, तर कॅमेरा हँडलखाली उलटा टांग, निघण्यापूर्वी सुरू कर, आणि बॅटरी मध्येच संपली तर संपू दे.